गिरजाचं मीठ

आमी मूळचे लोनारकडचे, घरी कोरडवाहू वावर, आन् मी सरकारी दवाखान्यात मलमपट्टी करनारा. तवा वऱ्हाडाचा कारभार नागपुरातून चाले, डाक्टरबी तिकूनच येत. डाक्टर सांगन तो फोड धुवाचा, पट्टी बांधाची, एवढीच माही नोकरी. पन काय सांगू तुमाले, मानसाची जेवढी किळस आली ना, तेवढी कोनत्या पुवाची नाई आली.

माही लहान बहीन गिरजा, धाड गावाले देली होती. दोन दोन घागरी घेऊन चढ चढनारी पोरगी, आन् लगनाच्या पाचव्या वर्साले बसल्या जागची उठली का भोवळ, जेवन पाहून मळमळ, अंगाचं पार चिपाड. सासू म्हने ढोंग करते, नवरा म्हने कामचुकार. भगत आला, त्यानं केस धरून धुरी देली, डोळे सुजेपर्यंत. घरात बसून बसून अंग काळं पडत गेलं, तं शेजारनी म्हनत, पाप बाहेर येऊन राह्यलं. थू! मिठाचे खडे चोरून खाते म्हनून सासूनं तापवलेलं उलथनं हातावर ठेवलं तिच्या.

म्या तिले दवाखान्यात आनलं. आमच्या डाक्टरनं खुर्चीवरून मानबी नाई वळवली, म्हने अशक्तपना आहे, बायकाइले असतेच, आन् तेच लाल औषध, जे तो खोकल्यालेबी दे आन् पोटदुखीलेबी. खोटं काऊन बोलू, म्याबी तिले म्हनलं, गिरजे, मन घट्ट कर, कामाले लाग. हे आठोलं का मले माहीच ओकारी येते.

मंग तो बदलून गेला, एक जवान डाक्टर आला. त्यानं तिले निजवून नाडी पाह्यली, उभी करून पाह्यली, तोंड उघडाले लावलं, तं हिरड्याइवर काळे डाग, तळहाताच्या रेषा काळ्या. म्हने, बाई, हे भाजलं कशानं? तिनं हात पदराआड घेतला. मंग म्हने, तुमाले काय खावसं वाटते? गिरजा रडालेच लागली, म्हने मीठ. तो मले म्हने, मूत्रपिंडावर दोन लहान गाठी असतात, हिच्या सुकल्या, लय क्वचित होते हे, म्याबी शिकताना एकच पाह्यला. मीठ तिचं अंग मांगते, पान्यात कालवून रोज द्या. बरी नाई होनार, पन उठन.

आन् उठली! पंधरा दिवसात भाकरी थापाले लागली. हे ऐकून नवरा न्याले आला. त्यानं दुसरी केली होती, ती बाळंतपनाले माहेरी गेली होती, घरी कामाले मानूस पाह्यजे होतं. गिरजा दारात उभी राह्यली, म्हने तुमी जा, तुमच्या घरचं आता पानीबी नाई पिनार मी.

दोन वर्सं राह्यली माह्यापाशी. मंग साध्या तापानं दोन दिवसात गेली. ताप आला तं जड जाईन हे डाक्टरनं पह्यलेच सांगतलं होतं. तो बसला होता तिच्यापाशी. मातीले सासू आली, गळा काढून रडली, म्हने लय गुनाची होती वो. म्या तिले हात धरून तिथून उठोलं, सगळे पाहत राह्यले.

आता म्हातारा झालो. तवापासून धाडले पाय नाई ठेवला, लगीन असो का मयत. लोक म्हनतात, सोडून दे आता. नाई सुटत, आन् सुटूबी नये. तुमचं मातर चांगलं होवो, बापा, तुमच्या घरच्या लेकीसुनाइले धड पाहनारं कोनी वेळेवर भेटो.