कॅमेरा प्रिंट

...नाही, पण मला एक सांगा, ज्या माणसाच्या घरात पाच-सहा हजार सिनेमे आहेत, त्या माणसाला संध्याकाळी जेवताना लावायला एक सिनेमा सापडू नये? एक? अहो, अख्ख्या नगरात इतके सिनेमे कुणाकडे नसतील... हां हां, अहिल्यानगरात, सवय जात नाही हो जिभेची... खर्ड्यापासून श्रीगोंद्यापर्यंत घरं पालथी घाला, नाहीच सापडणार! आणि हा माणूस रोज संध्याकाळी ताट मांडीवर घेऊन रिमोट दाबत बसणार, हा नको, ह्याला मूड लागतो, तो नको, त्याला निवांतपणा लागतो, तेवढ्यात आमटी गार होणार, आणि मग हा लावणार काय? बातम्या! अहो, बातम्याच बघायच्या होत्या तर हा पसारा कशाला मांडला होता?

आमच्या वरच्या मजल्यावरचे हेमचंद्रराव हो. सावेडीत आमची सोसायटी आहे ना, तिथलेच. जिल्हा परिषदेतून रिटायर झालेले, सात्त्विक माणूस, सुपारीचं सुद्धा व्यसन नाही, पण सिनेमे साठवायचे! आधी कॅसेटी साठवल्या. मग सीड्या आल्या, तर कॅसेटी गेल्या माळ्यावर. मग डीव्हीड्या आल्या, तर सीड्या गेल्या पलंगाखाली. मग हार्डडिस्क आल्या, आणि त्यांना धूळ लागायला नको म्हणून त्या गेल्या लीनाकाकूंच्या कपाटात, आधी वरच्या कप्प्यात, मग मधल्या, आणि काकूंच्या साड्या गेल्या बॅगेत! बायकोच्या साड्या बॅगेत म्हटल्यावर येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटायचं, काकू निघाल्या वाटतं कुठं. कामाला येणाऱ्या झुंबरबाई डबा हातात घेऊन विचारायच्या, "काकी, ह्यात डाळ हाय का पिच्चर?" आणि काकू ओट्यापासनं म्हणायच्या, "पिक्चरच असेल गं, डाळ परवाच संपली."

मुलगी मनवा पुण्याहून यायची, डोक्याला हात लावायची, "बाबा, आता सगळं मोबाईलवर दिसतं! कशाला साठवता?" तर हे म्हणणार, "ते आज दिसतंय, उद्या ते लोक काढून टाकतील. आपल्या घरात असलेलं कुणी काढू शकतं का?" मनवा जागा करून जेवायला बसायची.

बरं, एकटे असते तर एक वेळ ठीक होतं. पण ह्यांना जोडीला जैनुद्दीन! नागापूरच्या एमआयडीसीत लेथचं वर्कशॉप आहे त्याचं, माणूस सोन्यासारखा, पण सिनेमा म्हटलं की गेला कामातून. हे दोघं तरुणपणी भेटले कुठं, तर थिएटरच्या तिकिटाच्या रांगेत. ते थिएटर पडलं, तिथं मंगल कार्यालय झालं, रांग संपली, ह्यांची दोस्ती काही संपली नाही. रविवारी जैनुद्दीन येणार, खिशातून पेनड्राइव्ह काढणार, शेजारणीनं लोणच्याची वाटी पुढं करावी तसा पुढं करणार आणि म्हणणार काय... "हेमूभाऊ, हा बघाच!"

हा बघाच! तुम्हाला सांगतो, ह्या माणसानं आयुष्यात "हा बघितला नाही तरी चालेल" असं एका सिनेमाला म्हटलेलं नाही. मारामारीचा? हा बघाच. भुताचा? हा बघाच. कुठल्या तरी बर्फाळ देशातला, एक म्हातारा दोन तास खिडकीतनं बाहेर बघतोय, खिडकीबाहेर काही नाही, तो? "हेमूभाऊ, लई आतलं हाय, हा बघाच!" आणि बघाच म्हणून नुसता दिला असता तर ठीक, तो निम्मी स्टोरी तिथंच सांगणार, हातवारे करून, हिरोचा आवाज वेगळा, व्हिलनचा वेगळा, आणि ऐन रंगात आलं की चहाचा कप ठेवून उठणार, "शेवट न्हाई सांगनार. तुमीच बघा." मग हेमचंद्ररावांनी ऐकायचं सोडून दिलं. जो माणूस सगळंच बघा म्हणतो त्याचं काय बघायचं? पेनड्राइव्ह घ्यायचा, हार्डडिस्कमध्ये ओतायचा, पुढच्या रविवारी परत द्यायचा.

फक्त एक प्रश्न विचारायचे ते, घेताना. "जैनू, प्रिंट कशीय?"

आता तुम्हाला म्हणून सांगतो, ह्या लोकांत एक प्रकार असतो, कॅमेरा प्रिंट. म्हणजे काय, तर थिएटरात बसून कुणीतरी चोरून मोबाईलनं घेतलेला सिनेमा. पडदा तिरका, सगळीकडे काळोख, पुढच्यांची डोकी, मध्येच कुणी तरी उठणार, मध्येच कुणी तरी खोकणार. असली प्रिंट घरात आली की हेमचंद्रराव पिसाळायचे! ह्यांचे आजोबा सोवळं नेसून पूजा सांगायला जायचे म्हणे, पण त्या आजोबांनी पाळलं नसेल इतकं सोवळं ह्यांनी प्रिंटीच्या बाबतीत पाळलं. कॅमेरा प्रिंटीचा विटाळ! दोन-चार सेकंद बघायचं, तिरकं दिसलं, डोकं दिसलं, की उडवायचं. पुढं बघायचं नाही, कुणाला विचारायचं नाही.

ह्यापायी त्यांनी घरात कधी कुणाला मोबाईलनं व्हिडिओ काढू दिला नाही. मनवाचा साखरपुडा झाला, कुणी मोबाईल वर केला की हे, "ठेव तो खाली! नुसतं हलतं ते, कोण बघतं!" काकू हसायच्या. काकू सगळ्यालाच हसायच्या.

मग काकूंना खोकला लागला. साधा खोकला हो, आपल्याला लागतो तसा. धुळीचा असेल, माळ्यावर कॅसेटी काय कमी आहेत! काढा झाला, वाफ झाली, खोकला जाईना. मोठ्या दवाखान्यात नेलं, फोटो काढला छातीचा, डॉक्टरांनी तो उजेडासमोर धरला, पुन्हा पुन्हा निरखला. तर हेमचंद्रराव विचारतात काय... अहो, माणूस घाबरला की तोंडातून सवयीचं तेच येतं... म्हणाले, "डॉक्टर, प्रिंट नीट नाही का आली?" डॉक्टर म्हणाले, "प्रिंट अगदी स्वच्छ आलीय. तेच वाईट आहे."

गेल्या दिवाळीच्या आधी काकू गेल्या.

तुम्हाला सांगतो, मी वर गेलो होतो भेटायला. हेमचंद्रराव खुर्चीत बसलेले, समोर भिंतीवर काकूंचा फोटो, हार घातलेला, फोटो झकास, स्टुडिओतला. आणि ते मला म्हणाले, "फोटो आहेत हो. आवाज नाही." मला आधी कळेचना. मग कळलं. अख्ख्या घरात त्या बाईचा आवाज कुठंच नव्हता. लग्नाची कॅसेट काढली माळ्यावरनं, तर तिला बुरशी! मनवाच्या मोबाईलमध्ये शोधलं, फोटोच फोटो. साखरपुड्याचा एक अर्धवट, चोरून घेतलेला व्हिडिओ सापडला, त्यात दोन ओळखीचे आवाज होते, एक भटजींचा आणि एक ह्यांचाच, "ठेव तो खाली!" पाच-सहा हजार सिनेमे, जगातल्या सगळ्या भाषांतल्या बायका बोलतायत, रडतायत, भांडतायत, आणि ज्या बाईनं ह्या माणसाला उभा जन्म "जेवायला चला" म्हणून हाका मारल्या तिचा "चला" सुद्धा कुठं शिल्लक नाही! ह्या एका गोष्टीनं माणूस आतून पार गेला. झुंबरबाईंना विचारायचा, "झुंबरबाई, ती तुम्हाला हाक कशी मारायची?" त्या पदर डोळ्याला लावून आत निघून जायच्या. दुसरं काय करतील?

आणि दुःख विसरायला ह्यांनी केलं काय? आणखी सिनेमे साठवले!

तेराव्यानंतर काही दिवसांनी जैनुद्दीन आला. नेहमीसारखा बसला, चहा घेतला, एरवी तोंडाची टकळी बंद नाही, त्या दिवशी एक शब्द नाही. उठताना खिशातून पेनड्राइव्ह काढला, हेमचंद्ररावांच्या तळहातावर ठेवला, मूठ मिटवली आणि म्हणाला, "हेमूभाऊ... हा बघाच." आणि डोळे पुसत जिना उतरला. आता तुम्हीच सांगा, काय समजायचं माणसानं? हेमचंद्ररावांना वाटलं, असेल एखादा रडका सिनेमा. ओतला हार्डडिस्कमध्ये, रविवारी पेनड्राइव्ह परत, जैनुद्दीननं त्यात नवीन भरलं, गाडी चालू.

मग एक दिवस हार्डडिस्क भरली. हे दुपारचे सफाईला बसले. एकेक उघडायचा, बघायचा, ठेवायचा नाहीतर उडवायचा. त्यात एक आला, नाव ना गाव, नुसते आकडे. उघडला. काळोख! पडदा तिरका! आणि पडद्याच्या मध्ये उठून उभं राहिलं एक टक्कल! "आला, आला टकल्या! बस ना खाली, आम्हाला पण बघायचंय!" हे एकटेच ओरडतायत. तेवढ्यात काळोखात कोणतरी बाई खोकली. "आता ही! खोकला आहे तर यायचं कशाला सिनेमाला? घरी मरा ना!" आणि दाबलं बटण. गेला. त्या जागेवर दुसरा टाकला, ताजा, काचेसारखी प्रिंट.

ह्यानंतर एका रविवारी जैनुद्दीन आला तो तोंड पाडून. "हेमूभाऊ, आमचा मोबाईल गेला. मशीनवर काम करताना खिशातनं कूलंटच्या टाकीत पडला. त्या तेलकट पान्यात साऱ्या रातभर. समदं साफ झालं आतलं." मग जरा सावरून म्हणतो, "पन शुकर हाय, भाभींचं तुमच्याकडं दिलं हुतं."

"भाभींचं काय?"

"पेनड्राइव्ह न्हाई का दिला? बघाच म्हनलो न्हाई का?"

"जैनू, तू काय बघाच म्हणत नाहीस रे?"

"न्हाई पन... तोंडानं कसं सांगनार, भाभी बोलत्यात म्हनून?" आणि मग त्यानं सांगितलं. काकूंचा आजार कळायच्या आधी एका संध्याकाळी तो इथं आला होता, दिवे घालवून भिंतीवर प्रोजेक्टर लावलेला, हे पुढं, काकू मधे, तो मागं. तर काकू वळून त्याला हळूच म्हणाल्या, "जैनुद्दीनभाई, आमच्या घरात एवढे पिक्चर, आणि एकातही मी नाही. घ्या ना मला तुमच्या मोबाईलमध्ये. ह्यांना सांगू नका, ओरडतील." त्यानं मागूनच घेतलं.

हेमचंद्ररावांनी विचारलं, "अंधार होता?"

"व्हय."

"पडदा तिरका?"

"बसल्या बसल्या घेतला ना."

"आणि तो मध्ये उठला तो कोण होता? टकल्या?"

तुम्हाला सांगतो, जैनुद्दीननं नुसतं हेमचंद्ररावांच्या डोक्याकडे बघितलं.

मग काय विचारता! हार्डडिस्क छातीशी धरून हे रिक्षानं कापड बाजारात, जैनुद्दीन मागून स्कूटरवर. तिथं एक कॉम्प्युटर दुरुस्तीवाला आहे, त्यानं वायरी लावल्या, खटाखटा केलं, आणि म्हणाला, "काका, पुसलेलं परत येतं, पण त्यावर दुसरं काही बसवलं नसेल तर. तुम्ही बसवलंय." हे म्हणाले, "मग ते काढा आणि खालचं द्या!" अहो, ती काय सतरंजी आहे? त्यानं ह्यांना समजवायला तो नवीन सिनेमा लावून दाखवला, बघा, हा बसलाय तिथं, आणि लावला तो लावला, वर कौतुकानं म्हणतो काय, "पण काका, प्रिंट एक नंबर आहे हां!"

दोघं परत आले. जिन्यात मला दिसले. हेमचंद्रराव कठडा धरून एकेक पायरी चढत होते आणि पुन्हा पुन्हा तेच, "मी तिला म्हणालो, घरी मर. जैनू, मी तिला म्हणालो." जैनुद्दीन म्हणाला, "तुमाला काय म्हाईत, हेमूभाऊ." पण माणसाला माहीत नसतं म्हणून लागायचं थोडंच राहतं? आणि ओळखू कसा नाही आला हो तो खोकला, रात्रंदिवस ऐकलेला? आला असता. पण कान काकूंना ऐकतच नव्हते ना, कान प्रिंट ऐकत होते!

वर जाऊन बसले. मी पण गेलो, पाणी दिलं. आणि हेमचंद्रराव म्हणाले, "जैनू, तू स्टोरी सांगतोस ना सगळ्या पिक्चरची? ह्याची सांग."

जैनुद्दीननं मान हलवली. मग सांगायला लागला, हातवारे नाहीत, आवाज काढणं नाही, खाली बघून. "अंधार हाय. भाभी खोकत्यात. तुमी उठता, प्रोजेक्टर सरकलेला सरळ करता. भाभी हसत्यात, म्हनत्यात, 'उठले बघा, आता काही दिसायचं नाही आपल्याला.' मग तुमी बसता."

"मग?"

"मग भाभी जरा पुढं सरकत्यात, तुमच्या खांद्याला हात लावत्यात. म्हनत्यात, 'अहो, जरा इकडं बघा ना. मला तुम्हाला एक सांगायचंय.'"

"काय?"

जैनुद्दीन उठायला लागला.

"जैनू, काय सांगायचं होतं?"

"हेमूभाऊ, शेवट नको."

"सांग!"

"मग तुमी म्हनता, 'थांब गं, एवढा सीन होऊ दे.'"

खाली कुणाची तरी गाडी चालू होत नव्हती, किका मारत होता बिचारा.

हेमचंद्ररावांनी विचारलं, "आणि सीन झाल्यावर?"

"सीन झाला तवर भाभींचा डोळा लागला हुता. मी बंद केला मोबाईल."

"हं," हेमचंद्रराव म्हणाले. मग चष्मा काढला, पुसला, परत घातला, आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "सिनेमा कुठला होता रे तो?"

तुम्हाला सांगतो, दोघांनी लई डोकं खाजवलं, हा का, तो का, मारामारीचा होता का, म्हाताऱ्याचा होता का... नाही आठवला हो. दोघांनाही नाही आठवला.