लीबशरबाईंचा केक

अमेरिकेतून धर्मप्रचाराला आलेला ब्रेडन सात महिन्यांनी पुन्हा केम्निट्झला आला, तेव्हा त्याला जर्मन चांगलं समजू लागलं होतं. ट्रामच्या थांब्यावर दोन म्हाताऱ्या बोलत होत्या.

"लीबशरबाई गेल्या, कळलं ना?"

"हो ना. ऐंशीव्या वाढदिवसाला त्या प्रचारक पोरांसाठी केक केला होता. संध्याकाळपर्यंत कुणाला कापू दिला नाही."

"बोलावलं होतं त्यांना?"

"चारदा. तो लाल केसांचा तर दर वेळी हो हो म्हणायचा."

ब्रेडननं टोपी खाली ओढली.

"हळू बोल गं, त्यांच्यातलाच एक उभा आहे. छातीवरची पाटी बघ."

"असू दे. त्यांना कुठं काय कळतं?"

तिनं त्याच्याकडे बघून मान हलवली. सवयीनं त्यानंही हसून मान डोलावली.