डिबेटचे मुद्दे

कॅनडातल्या ग्वेल्फच्या क्लिनिकमध्ये माझ्यासमोर दोन अनोळखी काका मस्त मराठीत भांडत होते. बोलण्यावरून कळलं, मोठे शैलेंद्रकाका ह्यूस्टनचे, धाकटे स्वानंदकाका म्युनिकचे आणि मध्ये व्हीलचेअरवर त्यांचे बाबा. विषय, जगात अमेरिकेचं बरोबर की युरोपचं. उद्या शाळेत माझी याच विषयावर डिबेट! मी फोनवर पटापट मुद्दे टिपायला लागले.

“शेजारी हल्ला झाला की तुम्ही युरोपवाले मीटिंग बोलावता. आम्ही सैन्य पाठवतो.”

“कुणाला न विचारता पाठवता, दादा. आणि घरदार सोडून पळालेली माणसं आमच्या दारात येतात.”

“शैलू, मला वॉशरूमला जायचंय रे.”

“एक मिनिट, बाबा. अरे, इतकी वर्षं तुमचं रक्षण कोण करतंय?”

“म्हणून जगाचे मालक झालात? नियम सगळ्यांना सारखे हवेत.”

“नियम पाळायला लावायला ताकद लागते!”

“स्वानंद, तू तरी चल.”

“दादा नेईल, बाबा. ताकद त्याच्याकडेच आहे ना!”

“का? तू आधी मीटिंग बोलावणार?”

हा टोमणा भारी होता. तोही मी टिपला.

“राहू दे आता.”

“राहू दे काय, बाबा? चला, मी नेतो.”

“नको म्हटलं ना. ताईला फोन लावा. म्हणावं, येताना माझी दुसरी पँट घेऊन ये.”

स्वानंदकाकांनी खिशातून फोन काढला. आजोबांनी मांडीवर जॅकेट ओढलं आणि माझ्याकडे पाहिलं.

“बाळ, तुला मराठी कळतं का गं?”

“सॉरी,” मी म्हणाले, “आय डोन्ट अंडरस्टँड.”