कमळं काढणाऱ्याचं नाक

ताई, आम्ही मूळचे मराठेच, पणजोबा म्हैसूरच्या महाराजांच्या फौजेत शिपाई व्हते म्हणून इकडं आले, तेव्हापासून म्हैसूर. घरात मराठी बोलतो पण निम्मी कन्नड, तुम्ही इथल्या विजयनगर वस्तीतली नवी मराठी माणसं हसाल, हसा. माझा धंदा कमळाचा. सोसले गावाकडच्या केरेत, म्हणजे तळ्यात, गळाभर पाण्यात उतरायचं, कमळं काढायची आन् मंडी मोहल्ल्यातल्या पूजेच्या दुकानांत घालायची, वीस वर्सं हेच केलं.

काय सांगू तुम्हाला, मग डाव्या नाकातून रक्त यायला लागलं. उष्णता झाली म्हणून मी शहाळ्याचं पाणी पीत बसलो. मग श्वास कोंडायला लागला, आरशात बघितलं तर आत लाल मांसाचा गोळा, वर पांढरे बारीक ठिपके, कॅन्सरच म्हटलं. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी पहिलं काय विचारलं तर तळ्यात आंघोळ करता का. मी म्हटलं अम्मा, मी तळ्यातच असतो. त्यांनी गोळा कापला, बूड जाळलं, तुकडा तपासायला पाठवला, मग म्हणाल्या कॅन्सर न्हाई, साचल्या पाण्यातला रोग हाय, फार थोड्यांना होतो, पण परत उगवतो, तेव्हा कितीतरी महिने गोळ्या घ्या आन् पाण्यात उतरू नका.

गोळ्या आणायला गेलो तर औषधवाला म्हणतो, ही कुष्ठाची मात्रे, म्हणजे गोळी, कुणाला पाहिजे? अय्यो, घेतलेलं गोळ्यांचं पाकीट मी गटारात टाकलं. घरात सांगितलं न्हाई. वेगळं ताट केलं, वेगळा तांब्या केला, लेकीचं तान्हं मांडीवर घेईना, लेक म्हणे अप्पा रागावलेत. रागावलो कसला, भीतीनं मेलो व्हतो. आन् एवढी भीती असून बी पुन्हा तळ्यात उतरलो, दसऱ्याला कमळाला मागणी असते ना.

वर्षात गोळा परत आला, आता घशापर्यंत, घास गिळवेना. कुष्ठाच्या भीतीनं गोळ्या टाकल्या हे कबूल केलं, तशा डॉक्टरीणबाई चिडल्या. म्हणाल्या, एकच गोळी दोन रोगांना चालते, तुम्हाला कुष्ठ न्हाई, आन् हे एकाचं दुसऱ्याला लागत बी न्हाई. एवढं आधी विचारलं असतं तर, पण तोंड उघडायलाच भ्यालो. दुसऱ्यांदा कापलं. आता गोळी रोज घेतो, तळं सोडलं, दुकानात बसून हार ओवतो, नातवाला मांडीवर घेतो.

पण ताई, परवा सकाळी नाक शिंकरलं तर रुमालावर लाल आलं, इवलंसं. घरात अजून बोललो न्हाई, तुम्हालाच पहिल्यांदा सांगतोय. सोमवारी जातो बाईंकडं, या वेळी लेकीला सांगून जाईन म्हणतो. तुमच्या लेकरांचा श्वास देव मोकळा ठेवो.