सही वाळेपर्यंत

(हर्सूल. शनिवारची सकाळ, घराची ओसरी. अप्पाराव निवृत्त संस्कृत शिक्षक आहेत. त्यांची थोरली बहीण कडूबाई आठ दिवसांसाठी लासूरहून आली आहे. अप्पारावांची मुलगी विशाखा थोड्या वेळाने येते.)

अप्पाराव : …म्हणूनच म्हणतो, अक्का. ज्या मुलीच्या विद्येवर विश्वास ठेवून आपण आपला हात गोंदायला तिच्या स्वाधीन केला, तिचीच सूचना मोडायची आणि ती आली की बाही खाली ओढून बसायचं, हे कोणत्याही बाजूने न्यायाला धरून नाही. दोष तुला एकटीला देत नाही. तू लेप घेऊन आलीस तेव्हा हात मीच पुढे केला.

कडूबाई : मंग आता बोलू नको. खाजतंय खाजतंय म्हणून कण्हत कोण व्हतं? म्या हळद अन् एरंडेल लावलं, फडकं बांधलं. मला गोंदलं तवा मायनं तसंच केलं व्हतं. ह्यो मोर बघ. पासष्ट वरसं झाली, तुरा बी पुसला नाय.

अप्पाराव : तेव्हा तुझी कातडी नऊ वर्षांची होती. माझी एकाहत्तर वर्षांची आहे.

कडूबाई : तुला बी त्याच दिवशी गोंदायचं व्हतं. तू बैलगाडीखाली जाऊन लपलास. माय गूळ दावायली, तरी बाहेर येईना.

अप्पाराव : तेव्हा सुईची भीती होती. पुढे लोकांची वाटू लागली. ती जायला अधिक वर्षं लागली.

कडूबाई : लोकांची कशापायी?

अप्पाराव : विशाखाने कॅनॉटच्या बाजारात गोंदणाचं दुकान टाकून सहा वर्षं झाली. कुणी विचारलं की मी सांगत असे, मुलगी चित्रकलेचं काम करते. ते असत्य नव्हतं. पण सत्य सांगावं लागू नये, म्हणून निवडलेलं वाक्य होतं.

कडूबाई : गाडी थांबली बघ. आली. बाही ओढ खाली. म्या काय बोलत नाय.

विशाखा : आत्या, चहा नको, गिऱ्हाईक वाट बघतंय. पप्पा, आज सहावा दिवस, दाखवा पटकन. आणि हे काय, फुल बाही? मी सैल, अर्ध्या बाहीचा शर्ट सांगितला होता ना?

अप्पाराव : रस्त्यावर धूळ फार आहे.

विशाखा : तुम्ही घरात बसलाय.

अप्पाराव : घरातही येते.

विशाखा : पप्पा, सीधी बात करा. उद्या तुमच्या जुन्या विद्यार्थ्यांचा मेळावा आहे. कुणी डॉक्टर झालंय, कुणी मोठा साहेब. त्यांच्यापुढे झाकायचं म्हणून आजपासून सवय चाललीय.

अप्पाराव : असं तुला वाटतं?

विशाखा : दुसरं काय वाटणार? तुम्ही आपण होऊन दुकानात आलात. दोन तास बसलात, हू की चू केलं नाही. मला वाटलं… जाऊ द्या. झाकायचं तर झाका. फक्त आत घाम साचू देऊ नका. धुतल्यावर टिपून घ्या, पुसू नका. मलम पातळ लावा.

कडूबाई : आगं, तसं नाय ते. माझ्यापायी झाकलंय त्यानं. आप्पा, कर रे बाही वर.

विशाखा : …हळद?

कडूबाई : अन् एरंडेल. काल दोनदा लावलं. फडकं सकाळी सोडलं.

विशाखा : चिकटलं होतं?

कडूबाई : व्हय, जरासं. ओढूनच काढावं लागलं.

विशाखा : पप्पा, तुम्ही मला एक फोन तरी करायचा होता.

अप्पाराव : केला असता, तर तू अक्काला बोलली असतीस. तिने मायेने केलं. तिचा मान राहावा एवढंच पाहिलं, आणि झाकलेली बाही पाहून तुझ्या मनाला काय लागेल, याचा विचार केला नाही. हा माझा प्रमाद.

विशाखा : आत्या, उकळून कोमट केलेलं पाणी आणा. मी दिलेला बिनवासाचा साबणही. पप्पा, तुम्ही हात लावू नका, मी धुते. ताप होता का? कणकण?

अप्पाराव : नाही.

विशाखा : पू दिसत नाही. लाली आहे, थोडी सूज आहे. संध्याकाळपर्यंत उतरली नाही तर सरळ त्वचेच्या डॉक्टरकडे जायचं. आणि वाढली तर लगेच.

कडूबाई : अन् तुझी गोंदलेली सही? घालवली का गं म्या?

विशाखा : नाही आत्या. शेवटच्या फराट्याची खपली फडक्याबरोबर निघाली, तिथली शाई उडाली. महिनाभराने कातडी भरली की तेवढी पुन्हा भरीन.

कडूबाई : बरं झालं बाई. पर एक सांग, लोक मोर काढत्यात, फूल काढत्यात. ह्यानं पोरीची सही कशाला काढून घेतली?

विशाखा : मीही विचारलं होतं. नंतर सांगतो म्हणाले.

अप्पाराव : सांगतो. तुझ्या दुकानाच्या भिंतीवर एका बाईचं छायाचित्र आहे. मनगट भाजलेलं, आणि त्या व्रणावर तू वेल काढलीस. मी ते बराच वेळ पाहत राहिलो. चित्रकार चित्राखाली नाव घालतो, शिल्पकार चौथऱ्यावर कोरतो. तुझं काम लोकांबरोबर घरी निघून जातं आणि तुझं नाव कुठेच राहत नाही. चौतीस वर्षं मी परक्या मुलांच्या प्रगतिपुस्तकांवर सह्या केल्या. माझ्या मुलीच्या सहीला कुठे तरी जागा असावी, असं वाटलं. मोकळी जागा माझ्याच हातावर होती.

विशाखा : …हात हलवू नका, पप्पा.

अप्पाराव : माझा स्थिर आहे. तुझ्याच डोळ्यांना पाणी आलं आहे.

कडूबाई : पदर घे माझा, पूस डोळे.

विशाखा : आत्या, हळदीचा हात लांब ठेवा. पप्पा, उद्या खरंच फुल बाही घाला. सगळं पिवळं दिसतंय. चार लोक विचारतील.

अप्पाराव : विचारू देत. विचारल्यावाचून सांगणार कसं? कार्यक्रम सभागृहात आहे, ऊन लागणार नाही. अर्धी बाहीच घालीन. ‘माझी मुलगी गोंदणकार आहे’, हे मला ध्वनिक्षेपकावर म्हणायचं आहे. सहा वर्षांची थकबाकी एका वाक्यात फिटत नाही, पण आरंभ तरी होईल.

कडूबाई : म्या बी येणार. पुढच्या खुर्चीवर बसणार.

विशाखा : बसा. मी दुकान बंद करून येते. पप्पा, झोपताना मलम मसुराच्या दाण्याएवढं, जास्त नाही. आणि खाजलं तर?

अप्पाराव : नख लावायचं नाही. शेजारी हलकेच थोपटायचं. आणि अक्काला उठवायचं नाही.

विशाखा : पाठ आहे की. निघते.

अप्पाराव : जरा वाक, विशाखा. अक्का, तूही ये अशी. बाळ, म्हातारपणीही तुझा हात हलका राहो. त्या हाताखाली जो जो बसेल, त्याची कातडी सुखाने भरून येवो. आणि जिने काल मायेपोटी चूक केली, तिच्या जिवाला रुखरुख न राहो.