ईशान्येचा बोर, भिंतीपलीकडची टाकी

गावकऱ्यांनो, आयाबायांनो, सुनंदाच्या माहेरच्या आणि सासरच्या माणसांनो,

कापसाची वेचणी सोडून तुम्ही आलात. या गावात माझ्या हाती माईक आला की तो काढून घ्यावा लागतो, असं तुम्हीच हसून म्हणता. आज कुणी तो काढून घेतला असता, तर बरं झालं असतं.

सुनंदा गेली. पोटात लेकरू होतं, तेही गेलं. आदिलाबादच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, ही कावीळ पाण्यातून येते आणि पोटुशीला सोडत नाही. पाण्यातून! कुठल्या पाण्यातून? सांगतो.

सुनंदाच्या सासऱ्यांनी, मारोतरावांनी घर बांधलं तेव्हा वास्तुशास्त्राप्रमाणे बोर ईशान्येला मारला, संडासची टाकी वायव्येला घेतली. एका टोकाला बोर, दुसऱ्या टोकाला टाकी. पंचायतीने नकाशा पाहिला, अंतर पाहिलं, परवानगी दिली. शेजारी पूर्वेला देवरावांचं घर. त्यांचाही बोर ईशान्येला, टाकी वायव्येला. त्यांनाही परवानगी. पण मारोतरावांची ईशान्य जिथे संपते, तिथेच देवरावांची वायव्य सुरू होते! मधे एका विटेची भिंत. जमिनीखाली तर तीही नाही.

हे पहिल्यांदा कुणी पाहिलं? सुनंदाने. गच्चीवर मिरच्या वाळत घालताना. त्याआधीपासून ती सासऱ्याला म्हणत होती, "मामाजी, पान्याले वास येऊन राह्यला."

"ईशान्येचं पानी हाय सूनबाई, गंगा हाय ते. मुधोळच्या माहेराहून येताना नाक मोठं घेऊन आली काय?"

"नाक तेच हाय मामाजी. पानी बदललं."

गच्चीवरून उतरली आणि म्हणाली, "आपला बोर अन् त्याईची टाकी भिंतीले पाठ लावून बसले." तेव्हा मारोतराव काय म्हणाले? "आपल्या आंगनाचं पाह्य. लोकाच्या आंगनात काऊन पाह्यतं?"

मारोतराव, मान वर करा. हे तुम्ही एकट्याने म्हटलं नाही. पंचायतीनेही तेच म्हटलं. सुनंदा पोट सांभाळत तिथे गेली. मी सोबत होतो. साहेब म्हणाले, तुमचा नकाशा बरोबर, त्यांचाही बरोबर, मग तक्रार कसली? ती म्हणाली, "साहेब, दोनी नकाशे बरोबर, तं पानी काऊन नासलं?" साहेब हसले. खरंच हसले.

नियम कशासाठी होता? बोर आणि टाकी लांब राहावी म्हणून. आपण तो पाळला, आपापल्या कुंपणात. पाणी कुंपण वाचतं का? पाणी परवानगी मागतं का?

देवरावांच्या पूर्वेला, ओळीतल्या शेवटच्या घरचं, शंकरअण्णाचं पाणी गोड. आपण म्हणायचो, त्याच्या घरात देव राहतो. अरे, त्याच्या पूर्वेला कुणाची टाकी नाही, कापूस आहे!

मी दिशांना शिव्या द्यायला उभा नाही. तुमची श्रद्धा तुमच्यापाशी. पण सुनंदा दवाखान्यात असताना मी देवरावांच्या दारात गेलो. हात जोडले. म्हटलं, टाकी हलवा. ते म्हणाले, "नैऋत्येले नेऊ का? घर बुडवता काय माह्यं? माह्यापाशी परवानगी हाय." मारोतरावांना म्हटलं, बोर बंद करा. ते म्हणाले, "ईशान्य बुजवू? बरकत जाईन घराची." आता बोला. कोणती बरकत राहिली या घरात?

सुनंदाला आता मी काही देऊ शकत नाही. माझ्या भाषणांचा तिला काय उपयोग झाला? पण देवराव, तुमची रेणुका बाळंतपणाला माहेरी आली आहे. तिचाही सहावा-सातवा महिना असेल. तुमचा बोर ईशान्येला. त्याच्या भिंतीपलीकडे शंकरअण्णाची टाकी. ती काय पिते, देवराव? सकाळपासून ती काय पिते?

शंकरअण्णा मागे उभा आहे. तो सकाळीच मला म्हणाला, "माझा बोर सगळ्याईले खुला. उकळा अन् प्या. टाक्या हलेपर्यंत घेऊन जा." आणखी काय हवं? कुणाची परवानगी हवी?

आता सुनंदासाठी उभे राहू. शांत राहू. पण थांबा. ऐकू येतंय? ही घरघर? बोरची मोटर चालू आहे. देवराव, तुमच्याच घरची. तुमच्या वरच्या टाकीत पाणी चढतंय.

मी बोलणं थांबवतोय. माईक खाली ठेवतोय. जोवर ती मोटर चालते, तोवर या मांडवात शांतता होऊ शकत नाही. आम्ही उभे राहतो, देवराव. तुम्ही जा. बटण तुमच्या हाताने बंद करा.

सुनंदा, पोरी, आमची शांतता तेव्हा सुरू होईल.