ठमाबाई कोणाचं वाटोळं करतात

नाव: सौ. चारुता सत्यजीत प्रधान, वय ४६ वर्षे, धंदा: नोकरी, रा. पनवेल.

विचारल्यावरून समक्ष सांगते की, मी पती व मुलगी अनुया यांच्यासह वरील ठिकाणी राहते. उरणच्या ठमाबाई कोळी आमच्या सोसायटीच्या गेटजवळ मासळी विकतात. बुधवारी सोसायटीचे सचिव श्री. उदयसिंह घोरपडे यांनी त्यांना तेथे बसण्यास मनाई केली. गुरुवारी सकाळी घोरपडे यांच्या मोटारीची पुढची काच फुटलेली आढळली. ठमाबाईंनी 'तुझं वाटोळं होईल' अशी धमकी देऊन काच फोडली, अशी त्यांची तक्रार आहे. मोटार नारळाच्या झाडाखाली उभी होती. बॉनेटवर नारळ होता. तो आपण जप्त केला आहे.

वाटोळं म्हणजे संपूर्ण नाश, असे तक्रारीत लिहिले आहे. अर्थ बरोबर आहे. ठमाबाई तो शब्द मांजराला, बर्फवाल्याला व उशिरा आलेल्या एसटीला लावतात. मी फ्रोजन मासे आणले तेव्हा मलाही लावला. अनुया दहावी पास झाली तेव्हा 'तुजं वाटोलं, केवडी मोटी झालीस गो!' म्हणत त्यांनी तिच्या गालावरून हात फिरवला व दोन बांगडे वर टाकले. हात धुतलेला नव्हता. माझे सासरे वारले त्या दिवशी 'देवाचं वाटोलं होवो' म्हणून त्या रडल्या. देवाने तक्रार दिल्याचे ऐकिवात नाही.

परक्या माणसाला त्या हा शब्द वापरत नाहीत. बुधवारी मी तेथे कोलंबी घेत होते, म्हणून सर्व समक्ष ऐकले. घोरपडे यांनी मासळीची पाटी पायाने सरकवली. ठमाबाई उठल्या व म्हणाल्या, "बरं साहेब. तुमचं भलं होवो." एवढेच. त्यांना इतके सभ्य बोलताना मी प्रथमच ऐकले. मला भीती वाटली, हे खरे आहे.

आता त्यांना ठाण्यात बाहेरच्या बाकावर बसवले आहे. मी आत येताना मला पाहून त्या म्हणाल्या, "बऱ्या हाव ना, मॅडम?" आजवर त्या मला चारू म्हणत आल्या आहेत. मीही त्याच सोसायटीत राहते, एवढेच कारण असावे. मला फार वाईट वाटले, तेही लिहून घ्यावे.

ठमाबाईंनी काच फोडलेली नाही, धमकीही दिलेली नाही. त्यांना घरी जाऊ द्यावे. बाहेर पडताना त्या सर्वांसमक्ष मला 'तुजं वाटोलं होवो' म्हणाल्या, तर माझी काहीही तक्रार नाही. मी ठाण्याच्या गेटपाशी थांबणार आहे.

हवालदारांनी वरील मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला. तो मी सांगितला तसाच उतरला आहे, म्हणून सही करते.